सहा मिलिमीटर

कोणतीही लांबट वस्तू हाती आली की मेजर ती डोळ्यासमोर आडवी धरत, एक डोळा मिटत आणि तिच्या कडेवरून नजर टाकत. मग निकाल देत, "बाक हाय." फूटपट्टी असो, खिडकीचा गज असो की कँटीनमधला चमचा, निकाल बहुधा तोच. एकदा आमच्या साहेबांनी नवं पेन कौतुकानं सगळ्यांना दाखवलं. मेजरांनी ते डोळ्याला लावलं आणि म्हणाले, "सायेब, प्येन झ्याक हाय, पर बाक हाय." साहेबांच्या खिशाला ते पेन मला पुन्हा दिसलं नाही.

मेजर हे त्यांचं नाव नव्हे, आणि हुद्दाही नव्हे. आमच्याकडे फौजेतून परत आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. खराखुरा मेजर आला तर त्याला काय म्हणायचं, हे अजून कुणी ठरवलेलं नाही. आमचे मेजर फौजेत सुतार होते. गाव पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगरात. पेन्शन बसल्यावर ते कुपवाडला आले आणि आमच्या फाउंड्रीत पॅटर्न शॉपला लागले. पॅटर्न म्हणजे लाकडाचा नमुना. तो वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा आणि राहिलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा. मी त्याच फाउंड्रीत इन्स्पेक्शनला. त्यांनी बनवायचं आणि मी खोट काढायची, असा आमचा संबंध. असा संबंध असूनही माणसं एका डब्यातून जेवू शकतात, हे मी त्यांच्यामुळे शिकलो.

डबा खाताखाताच एक दिवस त्यांनी विमानाचं काढलं. फौजेत त्यांच्या युनिटला एक साहेब होते, त्यांना रिमोटची विमानं उडवायचा नाद. विमान पडलं की दुरुस्तीला सुताराकडे. त्यातलं एक शर्यतीच्या जुन्या विमानाची हुबेहूब लहान प्रत होतं. नाक फुगीर, पंख आखूड, आणि बसायची जागा पार मागं, शेपटीच्या तोंडाशी.

"सायबाच्या हातात रिमोट, आन् माज्या हातात इमान," मेजर म्हणाले. "पळत न्हेऊन ठिवायचं, पडलं की पळत आणायचं. सा वर्सं क्येलं."

"तुम्ही कधी उडवलं नाही?"

"सायबाची वस्तू. आपुन मागायचं कसं?"

पेन्शनीत निघताना म्हणे त्यांनी त्या विमानाची सगळी मापं एका वहीत उतरून घेतली. फौजेतून माणसं ट्रंक आणतात, स्वस्तातल्या बाटल्या आणतात. यांनी मापं आणली, आणि ती वही पंधरा वर्षं ट्रंकेच्या तळाशी ठेवली. पन्नाशी उलटल्यावर ती बाहेर काढली.

बाल्सा नावाचं हलकं लाकूड बंगळुरूहून कुरिअरनं आलं. ते हातात घेतल्यावर खोक्यात काही आहे की नाही अशी शंका यायची. मेजरांच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीतला पलंग निघाला, आणि त्या जागी पॅटर्न शॉपमधला एक जुना, सपाट फळा आला. मूलबाळ नव्हतं. वहिनींनी या सगळ्याबद्दल एकदाच बोलून घेतलं, तेही माझ्याकडे बघून. "भावजी, घरात माणसं दोन. त्यातली दोनीबी भुईवर, आन् पलंगाची जागा इमानाला."

पंखांवर रंगीत कागदासारखा पातळ पडदा बसवायचा असतो, तो इस्त्रीनं चिकटतो. घरात इस्त्री एकच. तिच्या तळाला लाल रंगाचा एक चट्टा लागला तो लागलाच. वहिनींच्या हळदीकुंकवाच्या साडीवर पाठीमागं लाल पट्टा उमटला. मेजरांनी साडी हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "पट्टा सरळ आलाय." दोन दिवस त्यांना आमच्याकडे जेवायला यावं लागलं.

विमान बघायला गल्ली लोटायची, आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच. हल्ली लग्नात ड्रोन फिरतात, त्यामुळे लोकांना वाटतं उडणाऱ्या वस्तूला डोळा असतोच. "मेजर, क्यामेरा कुठं बसवलाय?" सुरुवातीला ते समजावून सांगत. पुढं चिडायला लागले. "ह्येच्यात क्यामेरा न्हाई, काय न्हाई. ह्ये नुस्तं उडतंय." मग लोक जरा नाराज होऊन जात. नुसतं उडण्यासाठी माणूस एवढा खर्च करतो, हे कुणाला पटत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही आधी पटलं नव्हतं.

शिकण्यासाठी त्यांनी थर्माकोलचं एक साधं विमान आणलं होतं. रविवारी सकाळी आम्ही दोघं एका पडीक रानात ते उडवायचो. तीन बाजूंनी उभा ऊस. मेजरांचा हात बरा बसला होता. एका रविवारी विमान समोरच, जरासं उजवीकडे होतं, आणि ते मला म्हणाले, "कुठं गेलं रं?"

मला चेष्टा वाटली. मी बोट दाखवेपर्यंत विमान उसात शिरलं. दुपारपर्यंत आम्ही पाती अंगावर ओढून घेतली, पण सापडलं नाही. दोन महिन्यांनी त्या उसाला तोड लागली, तेव्हा टोळीतल्या एका बाईनं ते डोक्यावर घेऊन मेजरांच्या दारात आणून दिलं. आत उंदरानं संसार थाटला होता. "घर हाय, बाळंतीण हाय, पायलट तेवढा न्हाई," ती म्हणाली. आम्ही पोट धरून हसलो. वहिनी हसल्या नाहीत.

त्यांनी मला दाराबाहेर बोलावलं. "भावजी, ह्यांस्नी दाराची चौकट दिसत न्हाई. कालबी धडाकलं. पर भाकरीतला क्यास दिसतोय. ह्ये काय असंल वो?"

मिरजेच्या डॉक्टरांनी ते काय असेल ते सांगितलं. काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेनं खात आत येतो. गेलेलं परत येत नाही, उरलेलं औषधानं टिकलं तर टिकलं. दुखत-खुपत नव्हतं, म्हणूनच कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. शॉपमध्ये मेजर बारीकातली बारीक रेघ वाचत होते, आणि शेजारी उभ्या असलेल्या हातगाडीला धडकत होते. आम्ही त्यांना वेंधळे म्हणत होतो. त्या धडकांवर मीसुद्धा विनोद केले होते, ते मला आता आठवतात.

"पायपातनं बगितल्यागत हाय," त्यांनी मला सांगितलं. "पायपात यील त्ये साफ दिसतंय. बाकी न्हाईच."

"मग विमान?"

"बनवायला पायप पुरतो गड्या. आभाळात शोधायला न्हाई पुरत." थोडा वेळ त्यांनी हातातली कानस उगाच कापडानं पुसली. "आजून बुजला न्हाई तवर उडवायचं. दुसऱ्याचं लय उचलून आणलं. मला माजं उडताना बगायचंय. एकदा. माज्या डोळ्यानं."

त्या दिवसापासून त्यांची घाई सुरू झाली. जेवणाच्या सुट्टीत शॉपमध्ये आणि सुट्टी झाल्यावर घरी काम चालायचं. दिवाळीच्या आधी विमान पुरं झालं. लाल, फुगीर नाकाचं, आणि मागं बसलेल्या बोटभर लाकडी वैमानिकासह. ते शर्यतीचं वाटत होतं. उभ्या जागी ते पुढं वाकलेलं दिसायचं. गल्लीतलं कुणी त्या दिवशी कॅमेऱ्याचं विचारलं नाही.

येत्या रविवारी उडवायचं ठरलं. शनिवारी संध्याकाळी मेजर मला म्हणाले, "इन्स्पेक्शन न्हाई झालं आजून. माप की." दोघंही गमतीत होतो. मी कंपनीतली टेप नेली, खिशाला पेन लावलं, साहेबासारखा खाकरलो. नाकापासून शेपटी, बरोबर. डावा पंख साठ सेंटिमीटर, बरोबर. उजवा पंख साठ सेंटिमीटर आणि सहा मिलिमीटर.

मी पुन्हा मापलं. मग तिसऱ्यांदा मापलं. तेवढ्यात माझ्या तोंडाकडे बघून मेजरांना कळलं.

"किती?"

"सहा मिलिमीटर. उजवा मोठा."

ते फळ्याच्या कडेवर बसले. मला वाटलं ते टेपला बाक आहे म्हणतील. पण त्यांना क्षणात सगळं उमगलं होतं. लोखंड थंड होताना आकसतं. म्हणून पॅटर्न मुद्दाम थोडा मोठा करतात, आणि त्यासाठी पॅटर्नवाल्याची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा केसभर मोठा. साठाला सहा मिलिमीटर, अगदी हिशोबात. उजवा पंख त्यांनी जेवणाच्या सुट्टीत शॉपमध्ये केला होता, शॉपच्या पट्टीनं. डावा घरी केला, बाजारातून आणलेल्या साध्या पट्टीनं. पंधरा वर्षांत ती पट्टी इतकी अंगवळणी पडली होती की ती वेगळी आहे हेच ते विसरले होते.

"मेजर, एवढ्यानं काही होत नाही," मी म्हणालो. "रिमोटवर तो खटका असतो ना, एका बाजूला ओढत असेल तर सरळ करायचा? तुम्हीच दाखवलाय. उद्या उडवा. नंतर काय ते करा."

"आरं, खोट दिसल्यावर सोडायची व्हय?"

"सोडायची! कोण बघणार आहे?"

"मला म्हाईत हाय की."

वहिनी चुलीपासून उठून आल्या. "भावजी सांगत्यात न्हवं? उडवा की उद्या. दिसतंय तवर उडवा." असं स्पष्ट बोलणारं त्या घरात तेवढंच एक माणूस होतं. मेजरांनी बारीक करवत घेतली आणि आमच्या दोघांच्या देखत उजवा पंख मुळाशी कापला.

तुम्ही म्हणाल, हट्टी माणूस. मीही तेच म्हणालो, आणि महिनाभर त्यांच्याशी नीट बोललो नाही. पण राग माझा माझ्यावर होता. मी ते मापलं नसतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपलं विमान आपल्या डोळ्यांनी उडताना बघितलं असतं. सहा मिलिमीटरसकट ते झकास उडालं असतं. मी ते आकडे मनात ठेवून "ओके" म्हणू शकलो असतो. कंपनीत याहून मोठ्या खोटी मी साहेबांच्या सांगण्यावरून ओके केल्या होत्या.

एक पंख पुन्हा करायला महिना पुरला असता. पण मेजरांना आता कशाचाच भरवसा वाटेना. कुठला तुकडा शॉपमध्ये केला आणि कुठला घरी, हे आठवेना. त्यांनी सगळा लाल पडदा सोलून काढला आणि आतली एक एक फळी मापायला घेतली. शेपटी अर्धी चुकलेली निघाली. पोटातल्या चौकटी एकाआड एक. मधेच डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यानंतर तीन महिने धूळ वर्ज्य. नजर वाचवायला केलेल्या ऑपरेशननंतरही पाइप बारीक होत गेला. स्कूटर विकली. शॉपमध्ये त्यांना एका जागी बसायचं काम दिलं. पुढची दिवाळी आली आणि गेली.

"तू शिक," ते एक दिवस मला म्हणाले.

मी शिकलो. थर्माकोलची दोन विमानं मोडून शिकलो. ते माझ्या मागं उभे राहून आवाजावरून चुका सांगत. एक गोष्ट त्यांनी मला शंभरदा सांगितली असेल. "ह्ये न्हवं, आपलं इमान शर्यतीचं हाय. पंख आकूड. त्ये जोरावरच तरतंय. हळू क्येलंस की पडलं. भ्या वाटलं तर जोर दे, कमी करू नगंस."

विमान एकदाचं पुन्हा पुरं झालं. आमचं मूळ गाव जत तालुक्यात. तिथं आमच्या भावाचा माळ आहे. ऊस नाही, तारा नाहीत, झाडही नाही. भावानं आदल्या दिवशी मुरमाची एक पट्टी झाडून दिली आणि मेंढरं घेऊन तो पलीकडच्या गावाला गेला. थंडीतली सकाळ होती. आम्ही तिघंच होतो. गाडीत विमान मागच्या सीटवर वहिनींच्या मांडीवर होतं, आणि खड्डा आला की त्या त्याच्या नाकावर हात ठेवत होत्या.

मेजरांनी विमान पट्टीवर ठेवलं, गुडघ्यावर बसून त्याच्या मागून नजर टाकली. "सरळ हाय," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मग वहिनींनी त्यांना कोपराला धरून माझ्या मागं आणून उभं केलं.

मी जोर दिला. विमान पट्टीवरून धावलं, उठलं आणि गेलं. रिमोट मी पोटाशी दाबून धरला होता. डोळे विमानावरून काढायची सोय नव्हती. त्यामुळे पुढचं सगळं मी पाहिलं नाही, फक्त ऐकलं.

"कुठं हाय?"

"त्ये काय, तिकडं! ह्या बोटावरनं बगा."

"कुठं?"

"आवं, गेलं म्होरं. हिकडं. हिकडं मान करा."

विमान वेगात होतं. वहिनींचं बोट त्याच्या मागं, मेजरांची मान बोटाच्या मागं. आवाज ऐकून ते वळत, तर तोवर विमान आवाजाच्या पुढं गेलेलं. मी फेऱ्या मारत होतो. तीन, चार, पाच.

"दिसलं का, मेजर?"

"आवाज गोड हाय," ते म्हणाले. मग जरा वेळानं, अगदी हळू, "गड्या, जरा सावकाश आण की. माज्या म्होरनं. सावकाश आण."

सावकाश आणलं की काय होतं, हे त्यांनीच मला शंभरदा सांगितलं होतं, आणि ते त्यांनाही माहीत होतं. तरी ते मागत होते. साहेबाकडे सहा वर्षांत न मागितलेला माणूस मागत होता. मी विमान वळवलं, समोर आणलं आणि जोर कमी केला.

"आता बगा! म्होरं बगा! आलं, आलं!" वहिनी ओरडल्या.

विमान आमच्यासमोर, चाळीस पावलांवर, एक क्षण जवळजवळ थांबल्यासारखं झालं. मग त्याचा एक पंख खाली गेला आणि ते पाठीवर होऊन माळावर आदळलं.

"पडलं?" मेजर म्हणाले.

"पडलं."

"दिसलं का वो?" वहिनींनी विचारलं.

मेजरांनी स्वतः जाऊन तुकडे गोळा केले. पाय घासत, एक एक तुकडा शोधत. प्रत्येक तुकडा नाकाजवळ धरून मोडलेली जागा बघितली. तेवढं त्यांना अजून साफ दिसत होतं. "जोड कुटं सुटला न्हाई," ते म्हणाले. "लाकूड तुटलंय. जोड न्हाई." सगळं पोत्यात भरून आम्ही निघालो.

कवठेमहांकाळ मागं पडल्यावर त्यांनी विचारलं, "उडताना कसं दिसत हुतं रं?"

"लय भारी, मेजर."

ते थांबले. मी आणखी काही सांगेन म्हणून थांबले. मिरजेपर्यंत थांबले. माझ्याकडे सांगायला काहीच नव्हतं. ते पडू नये एवढंच मी बघत होतो. पंख सरळ आहेत का, वर चाललंय की खाली, बस. पाच फेऱ्यांत एकदाही मी ते विमान म्हणून बघितलं नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात त्यांनी नोकरी सोडली आणि दोघं गावी गेले. पाटणला जायचं मी वर्षभर टाळलं. गेलो तेव्हा तयारी करून गेलो होतो. एस.टी.त बसून मी ते सगळं मनात जुळवलं होतं. मेजर पडवीत बसले होते. आता पाइपही बुजला होता. मी म्हणालो, "मेजर, त्या दिवशी मला नीट सांगता आलं नाही. ते वळलं ना, तेव्हा दोन्ही पंख उभे झाले आणि त्यांच्यातून ऊन आरपार आलं. आतली एक एक फळी दिसत होती. लाल उजेडात. सगळी तुम्ही केलेली."

ते शेवटपर्यंत ऐकत होते. चेहऱ्यावर हसू येतंय की काय असं मला वाटलं.

"ऊन आपल्या पाटीला हुतं गड्या," ते म्हणाले. "उडवनारा ऊन पाटीलाच घेतो. आरपार कसं दिसंल?"

मी अंगणाकडे बघायला लागलो.

"म्हंजे तूबी बगितलं न्हाईस."

"नाही, मेजर."

"हिला इचारलं हुतं मी. ही म्हनती, बोट तेवढं इमानाकडं, मी तुमच्या मानंकडं बगत हुते." त्यांनी हात पुढं करून चहाची कपबशी चाचपली. मी ती त्यांच्या हातात दिली. "मग कुनीच बगितलं न्हाई म्हना की," ते म्हणाले, आणि फुंकर न घालता चहा प्यायला लागले.